शकूआत्या आणि शंखातले मासे

आमच्या शेजारच्या कुळकर्ण्यांनी गेल्या आठवड्यात माशांची काचपेटी घेतली. केवढी, तर टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात मावेल एवढी. त्यात कुठले मासे सोडायचे यावर त्यांच्या घरात मोठा खल चालला होता. मुलाला कपाळावर टेंगूळ असलेला तो लाल फ्लॉवरहॉर्न हवा होता, वहिनींना एंजल हवे होते. मी चहाला गेलो होतो. मध्येच माझ्या तोंडून निघून गेलं, "मासा पाहू नका. आधी पेटी पाहा, मग पाणी पाहा. मासा शेवटी." कुळकर्णी म्हणाले, "सर, तुम्हाला यातलं कळतं हे माहीत नव्हतं."

मला यातलं काही कळत नाही. ते वाक्य शकूआत्याचं होतं, आणि ते म्हणताना माझा आवाजही तिच्यासारखाच खेकसल्यागत निघाला. मग मला तिथं बसवेना. चहा अर्धा ठेवून घरी आलो.

नोकरीची पहिली पंधरा-सोळा वर्षं मी वडनेर भोलजीच्या शाळेत काढली. नांदुऱ्याहून मलकापूरकडे जाताना हमरस्त्यावरच हे मोठं गाव लागतं. स्टँडजवळ बियाण्यांचं, खतांचं आणि फवारणीच्या विषांचं एक दुकान होतं आणि त्याच्या मागच्या अंगाला एक खोली. खोली माझी, दुकान आणि त्याला लागूनचं घर शकूआत्याचं. खोलीला वेगळी वाट नव्हती. दुकानातूनच जा-ये करावी लागायची, त्यामुळे तिथं जे घडेल ते माझ्या कानांवर पडायचंच.

आत्या ती माझी एकट्याची नव्हती, साऱ्या गावाची होती. ती वडनेरची लेक. भुसावळला दिली होती, नवरा रेल्वेत. तो अचानक गेला तेव्हा ती एक ट्रंक आणि त्याची माशांची रिकामी काचपेटी घेऊन माहेरी परत आली. पेटी फुटू नये म्हणून भुसावळ ते नांदुरा ती मांडीवर धरून आणली होती. बाप अंथरुणाला खिळलेला, भाऊ पुण्यात, म्हणून दुकानात हीच बसली. गावची सून असती तर पुरुषांशी बोलताना पदर सावरत बसावं लागलं असतं. लेक असल्यामुळे तसलं काही नव्हतं. सरपंचाला "काऊन रे, आंघोळ केली का नाई आज?" असं भर गर्दीत विचारायची आणि सरपंच हसून मान खाली घालायचा. उंच, हडकुळी, चष्म्याची तुटलेली काडी सुताच्या दोऱ्यानं बांधलेली, आणि आवाज असा की पलीकडच्या हॉटेलातला भजी तळणारासुद्धा वळून बघेल.

आमच्याकडे फवारणीच्या विषाला झाडून सगळे 'औषध' म्हणतात. आत्या एकटीच जहर म्हणायची. "औषध आजाऱ्याले देतात. हे जहर हाये. बोल, कोणतं जहर पाह्यजे?" नवीन गिऱ्हाईक दचकायचं. कंपनीचा एक प्रतिनिधी तिला समजावून सांगायला आला होता की ताई, अशानं विक्रीवर परिणाम होतो. त्याला तिनं चहा पाजला, बिस्किटं दिली आणि विचारलं, "तुह्या घरी ठेवतं का रे हे? पोरायच्या हाती लागन असं?" तो म्हणाला, नाही. "मंग?" एवढंच म्हणून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

बीटी कपाशी नवी नवी आली होती तेव्हाचा तो काळ. मृग जवळ आला की दुकानापुढे रांग लागायची. ठरावीक नावाच्याच पाकिटासाठी माणसं हमरीतुमरीवर यायची. बीटीच्या पाकिटासोबत आणखी एक लहान पुडी यायची, बिगर बीटी बियाण्याची. ती शेताच्या कडेनं पेरायची, म्हणजे अळीला साध्या कपाशीवरही जगता येतं आणि ती बीटीला लवकर सरावत नाही, असं सांगायचे. कोणी पेरत नव्हतं. दुकानाच्या पायरीवरच मोठं पाकीट पिशवीत आणि लहान पुडी नालीत. आत्या दिवसभर ओरडायची आणि संध्याकाळी त्या पुड्या गोळा करून आत ठेवायची. "अळीलेबी जागा द्या लागते, नाईतं ती तुमच्या घरात घुसन," म्हणायची. लोक हसायचे. काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी बीटीतच घुसली आणि बोंडं आतून काळी निघायला लागली, तेव्हा हसणारे तेच लोक बाटल्या न्यायला तिच्याच दुकानात येत होते.

आता माशांचं सांगतो. ती पेटी दीड-दोन फुटांची. सिक्लिड नावाच्या माशांचं वेड तिला अकोल्यात लागलं. कंपनीच्या बैठकांना ती अकोल्याला जायची आणि येताना तिथल्या दुकानातून पाण्यानं फुगवलेल्या पिशवीत एखादा मासा घेऊन यायची. सिक्लिडच का, असं मी एकदा विचारलं. "हे मासे पोरायले सांभायतात, मास्तर. अंडे टाकून पळून जाणारे नाईत. मायबाप दोघंबी राखण करतात." तिला मूलबाळ नव्हतं. त्याचा याच्याशी संबंध मी जोडतो आहे, ती कधी तसं बोलली नाही.

निवडीत मात्र तिनं मार खाल्ला. आधी ऑस्कर आणला. आणला तेव्हा बोटाएवढा होता. पावसाळा सरेपर्यंत तळहाताएवढा झाला, सोबतचे सगळे गिळून बसला आणि पेटीत वळताना त्याची शेपटी काचेला घासायला लागली. तो तिनं नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेटजींच्या हौदात नेऊन सोडला. मग रॅम आणले, इवलेसे, निळ्या चमकीचे. ते मऊ पाण्याचे मासे. आमच्याकडे पूर्णेच्या काठानं सगळा खारपाणपट्टा, आणि वडनेरच्या बोअरचं पाणीही असं जड की डाळ शिजता शिजत नाही आणि बादलीला पांढरा थर धरतो. रॅम आठवड्यात आटोपले. मग काळ्या पट्ट्यांची एक जोडी आणली, दुकानदार त्यांना 'कैदी' म्हणायचा. त्यांनी अंडी घातली आणि पेटी आपलीच समजून बाकी कोणाला जगू दिलं नाही. दर वेळी आत्या स्वतःवरच चिडायची. "रंग पाह्यला आन् भुललो. पेटी पाह्यलीच नाई." वऱ्हाडात बायकाही स्वतःला 'भुललो'च म्हणतात.

शेवटी त्या दुकानदारानं मुंबईहून मागवून दिले ते हे शंखवाले. आफ्रिकेतल्या कुठल्याशा प्रचंड तळ्यातले. पुरे वाढले तरी बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर बारीक रेघा, आणि राहायचे ते गोगलगाईच्या रिकाम्या शंखात. पाणी त्यांना जडच लागतं. जे पाणी पिऊन पूर्णाकाठच्या गावांतली माणसं मूत्रपिंडाच्या दुखण्यानं जातात, तसल्याच पाण्यात हे मासे सुखानं नांदले. आत्यानं नदीच्या पात्रातून शंख वेचून आणले, उकळले आणि वाळूवर मांडले. प्रत्येक माशानं आपापला शंख धरला. पेटीत हात घातला की तो एवढासा जीव बोटाला चावायला धावायचा. आत्या खूष. "पाह्य, घर त्याचं हाये. कलेक्टर आला तरी चावन."

मग गावात आणि आसपास कोणी पेटी घेतली की तिच्याकडे यायचं. ती पेटीची लांबी विचारायची, पाणी कुठलं ते विचारायची, घरात माशांकडे बघणारं कोण आहे ते विचारायची, आणि बहुतेकांना नाहीच म्हणायची. आमच्या शाळेतले पाटील सर शंखवाले घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी तणतणत आले की मासे एका तासात उलटे झाले, तुमचा मालच कमजोर. आत्यानं एकच विचारलं, "पाणी कोणत्या बादलीनं टाकलं?" सरांनी शेतातली बादली वापरली होती. फवारणीचं विष कालवायची. घासून घेतली होती म्हणाले, राखेनं, दोनदा. आत्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. सर त्याच बादलीतून घरी पाणी भरत होते हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं.

ही पेटी आधी आतल्या घरात होती. ती दुकानात आली वासुदेवमुळे. वासुदेव तिच्या शाळेतला, लहानपणचा सोबती. एका दुपारी आला, जहराची बाटली मागितली, ढगांकडे बघून काहीतरी थट्टा केली आणि गेला. शेतात पोचलाच नाही. वाटेतल्या नाल्याजवळच त्यानं बाटली तोंडाला लावली. पोलीस आले, दोन प्रश्न विचारून गेले. गावानं तिला बोल लावला नाही. लावणार तरी कसा, रोजच बाटल्या जात होत्या. पण ती मला पुष्कळदा सांगायची, "म्या त्याच्या तोंडाकडे पाह्यलंच नाई, मास्तर. बाटलीवरची तारीख पाहत होतो. मुदत सरली तं नाई ना, हे पाहत होतो."

त्यानंतर पेटी दुकानात आली. पेटीसमोर तिनं एक बाक टाकला. जहर मागायला जो येईल त्यानं त्या बाकावर बसायचं, असा नियम. ती आत बाटली शोधायच्या मिषानं वेळ काढायची आणि फटीतून बघायची. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. "ज्याले जगायचं असते ना, तो माशाकडे पाहतो. पाहतोच. त्याच्यानं राहवत नाई. आन् ज्याचं मन उठलं तो काचंकडे पाहतो, त्यात सोताचं तोंड पाहत बसतो. मले कळते." मला ते तेव्हा खुळचट वाटलं होतं. मी म्हटलं, एवढं आहे तर जहर ठेवायचं बंदच का करत नाहीस? ती म्हणाली, "म्या नाई देल्लं तं तो समोरच्याकून घेईन. समोर बाक नाई."

गज्या नावाचा एक तरणा पोरगा होता. नुकतं लग्न झालेलं. तो एका सकाळी आला आणि बाकावर बसला. आत्या बराच वेळ बाहेर आली नाही. मी शाळेत निघालो होतो. पाहिलं तर तो पेटीच्या काचेवर नखानं ओरखडे काढत बसलेला. मासे नखामागे धावत होते, पण त्याचं लक्ष नव्हतं. आत्या बाहेर आली आणि म्हणाली, "माल सरला. चाल, तुह्या घरी जाऊ, मले तुह्या मायले भेटायचं हाये." आणि दुकान उघडं टाकून त्याच्या मोटारसायकलवर मागं बसली. दिवसभर त्याच्या घरी ठाण मांडून होती. त्याच्या मायला, बायकोला सगळं सांगितलं, घरात होती नव्हती ती बाटली उचलून आणली. पुढे गज्यानं चारचौघांत तिला शिव्या घातल्या. "मले बदनाम केलं या बुढीनं. मी मरून राह्यलो होतो का बे?" आत्यानं ऐकून घेतलं. तो खरंच मरणार होता की नाही ते कोणालाच कधी कळलं नाही, आणि तो तिच्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नाही. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. रस्त्यानं तो गेला की मला म्हणायची, "जाऊन राह्यला पाह्य. कसा दणदण जाऊन राह्यला."

कधी तिचं पार चुकायचं. एका म्हाताऱ्याला तिनं सकाळपासून दुपारपर्यंत बसवून ठेवलं, कारण तो माशांकडे ढुंकून बघत नव्हता. शेवटी त्याचा मुलगा शोधत आला तेव्हा कळलं की बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. म्हातारा म्हणाला, "इथी मासे हायेत? मले वाटलं, पाण्याची टाकी गळून राह्यली." आत्या त्या दिवशी हसून हसून रडली. तिला इतकं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

दिगंबर आला तो कपाशीला बोंडं धरली होती त्या दिवसांत. बोंडअळीचं त्या वर्षी थैमान होतं. दिगंबर म्हणजे आनंदी माणूस. भजनात ढोलकी वाजवायचा, शाळेच्या स्नेहसंमेलनात पडदा ओढायला हजर. त्याची मुलगी वैष्णवी माझ्या वर्गात होती. मला सुट्टी होती. आतल्या दारात बसून मी पेपर तपासत होतो.

"आत्या, एक बाटली द्या बोंडअळीची. आन् एक इचारायचं होतं. पोट्टीसाठी शेगावहून पेटी घेतली माशायची. एवढीशी हाये. काय ठेवू त्यात?"

जहर विसरून आत्या बाहेरच आली. "केवढी?"

त्यानं हातानं माप दाखवलं. "बियाण्याचा खोका असते ना, तेवढी."

"मंग एंजल नको, ते उंच होतात. कैदी नको. नांदुऱ्यात तो टेंगूळवाला इकतात, त्याले तं घरात घेजोच नको, तो हौदातला मासा हाये. बस बाकावर. हे पाह्य."

दिगंबर बसला. मला अजून दिसतो तो, गुडघ्यांवर हात टेकून, नाक जवळजवळ काचेला लावून. शंखाच्या तोंडाशी पापणीच्या केसाएवढी पिल्लं आली होती आणि मादी त्यांच्यापुढे आडवी झाली होती. ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. "आत्या! पिल्लं! पाहा ना, पिल्लं काढले तिनं बाहेर!" तो लहान पोरासारखा ओरडला. आत्याचा चेहरा फुलला आणि तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. तिची खात्री पटली होती. माझीही पटली होती.

मग दोघांचं बोलणं चाललं. चार शंखवाले न्यायचे, सोबत दुसरं कोणी सोडायचं नाही. खाली वाळू, माशापेक्षा शंख जास्त. पाणी बोअरचंच. आत्यानं विचारलं, "बादली कोणती हाये?"

"नवी घेतली आत्या. पाटील सरायचं आयकलं होतं म्या."

"शहाणा हायेस."

"आत्या, दोन-चार दिवस कोणाचं ध्यान नसलं त्यायच्याकडे, तं?"

"काई नाई होत. मोठे मासे उपाशी राह्यतात चार दिवस."

"पोट्टीले एकटीले जमन ना? लहान हाये ते."

"जमन. नखऱ्याचे नाईत हे. जास्त कराले गेलं तंच मरतात."

"कोणता मासा जास्त दिवस जगते यातला?"

"हेच. पेटी लहान, पाणी जड, पाहाणारं लहान. तुले हेच."

"मंग हेच द्या," तो म्हणाला.

तिनं जाळीनं चार मासे काढले, पिशवीत पाणी घातलं, मूठभर शंख वेगळे बांधून दिले. मग वरच्या फळीवरची बाटली काढून दिली. त्यानं एका हातात मासे घेतले, दुसऱ्या हातात बाटली, आणि मला "येतो सर" म्हणून गेला.

घरी जाऊन त्यानं पेटी मांडली. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली, आत्यानं सांगितलं होतं तशी. वैष्णवीला खाणं किती टाकायचं ते चिमटीनं दाखवलं. तिच्याकडून दोनदा करवून घेतलं. जेवला. मग फवारणीचा पंप पाठीला लावून शेतात गेला. पंपात त्यानं नुसतं पाणी भरलं होतं. बाटली त्याच्याजवळ रिकामी सापडली.

का केलं, ते मला अजून माहीत नाही. गावात ज्याच्या त्याच्याकडे कारण तयार होतं, आणि ज्या आवेशात ते सांगितलं जायचं त्याचा मला संताप यायचा. बोंडं काळी निघाली होती हे खरं. पण ती साऱ्या शिवारात काळी निघाली होती.

आत्या दोन दिवस जेवली नाही. मी भाकरी घेऊन गेलो तर अंधारात बसलेली. "त्यानं माशाकडेच पाह्यलं, मास्तर. काचंकडे नाई. तुमीबी होते. पिल्लं त्यालेच दिसले पह्यले." मी म्हटलं, आत्या, यात तुझा काय दोष? ती माझ्या अंगावर आली. "दोषाचं कोण बोलून राह्यलं? तो इचारत होता ना मले, कोणता जगन म्हून. एकटीले जमन का म्हून. अन् मले आनंद होत होता! मले वाटे, काय चांगलं इचारते हा! अरे, तो मासे नव्हता निवडत. पोट्टीजवळ काय ठेवून जायाचं ते निवडत होता. आन् म्या त्याले निवडू लागलो." हे बोलून ती रडली नाही. मीच रडलो.

तेरवी झाल्यावर ती दिगंबरच्या घरी गेली. मला सोबत नेलं. पेटी शिलाई मशीनवर ठेवली होती, पाणी नितळ, चारही मासे आपापल्या शंखापाशी. वैष्णवी दारामागे उभी. दिगंबरची बायको मंगला पेटीशेजारी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "दोनीबी तुमच्याच दुकानातून आणलं होतं त्यानं." त्यात राग नव्हता. नुसतं सांगितल्यासारखं म्हणाली. आत्या "हाव" म्हणाली.

घरी आल्यावर तिनं बाक उचलून मागच्या अंगणात टाकला. दारावर पाटी लावली, इथं जहर मिळणार नाही. उरलेल्या बाटल्या खोक्यात भरून कुलूप घातलं. त्यानं काय झालं? काही झालं नाही. समोरच्या दुकानातली गर्दी वाढली, एवढंच. ती ते पाहत काउंटरवर बसून असायची. ओरडणं थांबलं होतं. कोणी माशांचं विचारायला आलं तर म्हणायची, "मले नाई समजत त्यातलं."

पुढच्या हंगामात, कपाशी पुन्हा बोंडांवर आली तेव्हा, एका दुपारी मंगला दुकानात आली. घामानं डबडबलेली. उभ्या उभ्या म्हणाली, "आत्या, एक बाटली द्या."

आत्यानं पाटीकडे बोट दाखवलं.

"वाचली म्या. समोरच्याकडे गेलो, तो म्हणे माल नाई. मालाच्या ढिगावर बसून म्हणे माल नाई. नांदुऱ्याले गेलो, तिथी ओयखीचा निघाला, तो म्हणे कोणा माणसाले पाठव. मलकापूरच्यानं तं हातच जोडले, बाई, तुमच्या घरी तसं झालं, मले झंझट नको. माह्या हातात कोणी बाटली देत नाई, आत्या. अळीनं अर्धं वावर खाल्लं. मी काय करू? हातानं अळ्या येचू?" तिचा आवाज चढला. "मले मराचं नाई! मले कपाशी वाचवाची हाये. सांगा कोणीतरी या लोकायले!"

भजीवाल्या हॉटेलात बसलेली माणसं इकडे बघायला लागली. आत्या उठली. आतून खोकं उघडल्याचा आवाज आला. बाटली घेऊन बाहेर आली, मंगलानं हात पुढे केला. आत्याचाही हात पुढे आला होता, पण बोटं सुटेनात. मी पाहिलं ते. तिनं खरंच प्रयत्न केला आणि तिच्या बोटांनी ऐकलं नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

"पंप हाये का घरी?" आत्यानं विचारलं.

"हाये. त्याचाच."

"चाल मंग."

तिनं काष्टा घातला, तोंडाला जुनं लुगडं गुंडाळलं आणि बाटली कमरेला खोचून मंगलामागं चालू लागली. साठी उलटलेली बाई. त्या दिवशी दिगंबरच्या सगळ्या वावरात तिनं एकटीनं फवारलं. मंगला पाणी भरून देत होती, बाटली मात्र आत्यानं तिच्या हाती लागू दिली नाही. संध्याकाळी आली ती डोळे लालभडक, हाताची आग होते म्हणून सारखी पाण्यात हात बुडवत होती.

मी रागावलो. म्हटलं, मजूर लावता येतो, तू हे कशाला करतेस? "मजूर लावला तं बाटली कोणाच्या हातात जाईन, मास्तर?" मी म्हटलं, हे जहर तुझ्या अंगात भिनेल. ती म्हणाली, "भिनू दे. म्या इकलं तेच हाये ते." मग तिला जेवण जाईना, उलट्या व्हायला लागल्या. मी तिला जबरदस्तीनं नांदुऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं फवारणी बंद करायला सांगितलं. तिनं मान डोलावली आणि आठवड्यानं पुन्हा गेली. मंगलासारखी आणखी एक बाई पलीकडच्या वस्तीत होती, नवरा तसाच गेलेला. तिच्या हातीही कोणी बाटली देत नव्हतं. आत्या तिच्याकडेही जायला लागली. डोळ्यांना अंधुक दिसायचं, पंपाच्या पट्ट्यानं खांदा सोलला होता, पण थांबवणार कोण? ती गावची आत्या होती. मीही हरलो.

दिवाळीनंतर माझी बदली झाली. सामान आधीच गेलं होतं. निघताना खोलीला कुलूप घालून दुकानात आलो तर आत्या नव्हती, पहाटेच वावरात गेली म्हणाले. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. बसमध्ये बसलो.

गाव संपून जिथं शेतं सुरू होतात तिथं रस्त्याला लागूनच दिगंबरचं वावर आहे. बस खड्ड्यांमुळे हळू झाली आणि मला ती दिसली. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी होती. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, पाय गुडघ्यापर्यंत ओले. तिच्यासमोर हातभर अंतरावर मंगला. मी खिडकीतून "आत्या!" म्हणून ओरडलो. तिनं कपाळावर हात धरून बसच्या दिशेनं पाहिलं. मी हात हलवत होतो. तिला बस दिसली असावी, मी दिसलो नाही. ती पुन्हा मंगलाकडे वळली, बाटली उपडी धरली आणि तळावर चापट्या मारत राहिली, शेवटचा थेंब मातीत पडेपर्यंत.